दोन सूर्योदयांचा प्रवास

दोन गावांमधले अंतर विचारले, तर शाळेतला पोरही नकाशावर फूटपट्टी ठेवून सांगेल. पण ते तोडायला वेळ किती लागेल, हे फूटपट्टीला कुठले कळायला? त्यासाठी इतिहासाचीच साक्ष काढावी लागते.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे पर्थ आणि लंकेच्या दक्षिण टोकाजवळचे कोग्गला यांच्यामध्ये सुमारे ५,६५० किलोमीटर हिंदी महासागर पसरला आहे. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर जपानच्या हाती पडले. पाठोपाठ जावा-सुमात्राही गेले आणि ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडला जाणारी हवाई टपालाची वाट मधोमध तुटली. ती सांधण्यासाठी १९४३ साली क्वांटास कंपनीने पाच कॅटॅलिना विमाने कामाला लावली. ही विमाने पाण्यावरून उडणारी आणि पाण्यावरच उतरणारी. त्यामुळे पर्थचा विमानतळ म्हणजे स्वान नदीचे पात्र आणि कोग्गल्याचा विमानतळ म्हणजे तिथले सरोवर!

वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास आणि वाटेत टेकायला जागा नाही. इंधनाचाच भार एवढा, की प्रवासी फार तर तीन आणि टपालही मोजकेच: सरकारी कागद आणि सैनिकांची पत्रे. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून बिनतारी यंत्र मुके ठेवायचे आणि रात्री ताऱ्यांवरून दिशा धरायची. विमानांना नावेही ताऱ्यांचीच दिली होती: व्हेगा, अल्टेअर, स्पायका, अँटारीस आणि रायगेल. यांतले पहिले चार आपल्या परिचयाचेच आहेत. आपल्या पंचांगात त्यांना अभिजित, श्रवण, चित्रा आणि ज्येष्ठा म्हणतात.

वारा अनुकूल असला तर सत्तावीस-अठ्ठावीस तास लागत. उलटा असला तर तीस तासही पुरत नसत. एका खेपेस ३२ तास ९ मिनिटे लागली. एकाच उड्डाणात दोनदा सूर्य उगवताना दिसे. म्हणून प्रवाशांना ‘दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त मंडळा’चे सदस्यपत्र मिळत असे. १९४५ पर्यंत या विमानांनी २७१ वेळा समुद्र ओलांडला आणि एकदाही विमान गमावले नाही. युद्ध संपल्यावर मात्र ती समुद्रातच बुडवण्यात आली.

आज जेट विमानाला तेवढेच अंतर तोडायला सात तास पुरतील. २०१८ च्या मार्चमध्ये तर त्याच क्वांटासचे विमान पर्थहून निघाले, ते कुठेही न थांबता सुमारे साडेचौदा हजार किलोमीटर उडून सतरा-साडेसतरा तासांत लंडनला उतरले. प्रवासी जेवले, झोपले आणि पोहोचले.

त्यात वाईट काहीच नाही. सुखाचा प्रवास व्हावा, यासाठीच तर माणसाची सारी खटपट असते. पण वाचकहो, या दिवाळीत दूरदेशीची लेक किंवा नातू एका दिवसात दारात येऊन उभा राहील, तेव्हा फराळाचे ताट पुढे करताना त्या मुक्या विमानांचीही आठवण ठेवावी. कुणाच्या तरी मुलाचे पत्र घरी पोहोचावे म्हणून काही माणसे सबंध रात्र अंधाऱ्या समुद्रावर चित्रा-ज्येष्ठेच्या भरवशावर उडत होती.