फँटॅक्स: बंदीचा हिशेब

मुलांच्या हातातलं कॉमिक काढून घेताय? आधी हे वाचा. १९४६ मध्ये फ्रान्सच्या ल्यों शहरात पिएर मूशो ‘शॉट’ या सहीने ‘फँटॅक्स’ हा मुखवटेधारी नायक काढायचे; कथा मार्सेल नवारोंच्या. मारामारी भरपूर. मुलं खूश, मोठी माणसं हैराण! १६ जुलै १९४९ ला मुलांच्या मासिकांसाठी कायदाच आला. फँटॅक्स बंद पडला, मूशोंच्या मागे वर्षानुवर्षं कोर्टाच्या फेऱ्या लागल्या. नवारोंनी मात्र १९५० मध्ये ऑग्युस्त विस्तेलबरोबर ल्योंतच ‘लुग’ प्रकाशन काढलं आणि १९६९ ला मार्व्हलचे नायक फ्रेंच मुलांपर्यंत आणले. आता हिशेब मांडा: बंदीची किंमत चित्रकाराने भरली, मुलांची ओढ तशीच शिल्लक राहिली. त्यापेक्षा शेजारी बसा, सोबत वाचा.