तबेल्यातून उभे राहिलेले घर

पोरक्या मुलाला काय लागतं, असं गावात कोणालाही विचारा. दोन वेळचं जेवण, अंगभर कपडा आणि डोक्यावर छप्पर, असं उत्तर चटकन मिळेल. गेल्या शतकाच्याही आधीच्या इंग्लंडात ही तिन्ही देणारी सरकारी दरिद्रालये होती. १८३४ च्या कायद्याने ती देशभर पसरली. पण तिथे शिरताच आई एका दालनात, बाप दुसऱ्यात आणि मूल तिसऱ्यात! दरिद्री माणसाला तिथे यावंसंच वाटू नये, हा त्या कायद्याचा उघड हेतू होता. मग लंडनमधली कितीतरी पोरं त्यापेक्षा पुलाखाली निजणं पसंत करीत.

१८६८ साली लंडनच्या लँबेथ भागात टॉमस बोमन स्टीफन्सन नावाचा तरुण धर्मोपदेशक आला. तो मेथॉडिस्ट पंथाचा. जॉन वेस्ली यांनी अठराव्या शतकात सुरू केलेला हा पंथ खाणकामगार, मजूर अशा लोकांत वाढलेला. तेव्हा गरिबी त्याच्या ओळखीचीच होती. स्टीफन्सनने दोघा मित्रांच्या मदतीने १८६९ च्या जुलैत एक जुना तबेला दुरुस्त करून त्यात मुले ठेवायला सुरुवात केली. दोन वर्षांत जागा अपुरी पडली आणि संस्था बेथनल ग्रीनला हलली. १८७२ मध्ये बोल्टनचे गिरणीमालक जेम्स बार्लो यांच्या देणगीतून लँकेशायरात एजवर्थ येथे शेतीची जागा मिळाली.

परंतु इमारतींपेक्षा महत्त्वाची होती ती राहण्याची रीत. जर्मनीत हाम्बुर्गजवळ योहान विखेर्न यांनी १८३३ पासून मुलांना लहान लहान ‘कुटुंबां’त वाढवण्याचा प्रयोग केला होता. स्टीफन्सनने तोच कित्ता उचलला. शेकडो मुलांची एक बराक बांधायची नाही; वेगवेगळी घरे बांधायची आणि प्रत्येक घरात आईबापांच्या जागी कोणीतरी जबाबदार माणूस ठेवायचे. आता भाड्याने ठेवलेल्या माणसाला माया कुठून येणार? ही अडचण त्याने ओळखली होती, असं दिसतं. १८७८ पासून त्याने या कामासाठी स्त्रियांना रीतसर शिक्षण द्यायला सुरुवात केली. त्यांना ‘मुलांच्या भगिनी’ म्हणत. मूल सांभाळणं हेही शिकण्याचं काम आहे, ही कल्पना त्या काळी नवीनच होती, बरं का!

आणि इथेच मला नेहमी कोडं पडतं. घराचं मोल इतकं ओळखणाऱ्या या माणसाने १८७३ पासून मुले बोटीत बसवून कॅनडाला धाडली. त्यासाठी तिकडे हॅमिल्टनला एक गृहही उघडले. कॅनडाच्या शेतांवर हात हवे होते, इकडे गर्दी होती. वर्षानुवर्षे पोसण्यापेक्षा एकदाचे तिकीट स्वस्त. हेतू वाईट नव्हता, मोकळी हवा आणि नवं आयुष्य मिळावं हाच होता. कित्येकांचं भलंही झालं. पण कित्येक जण कुणाच्या तरी शेतावर बिनघरचे गडी होऊन राहिले. इंग्लंडातल्या सगळ्या संस्था मिळून सुमारे एक लाख मुले कॅनडाला गेली. त्यांतली बरीच मुळी अनाथ नव्हतीच. आई किंवा बाप जिवंत, फक्त गरीब.

ऑस्ट्रेलियात तर ही रवानगी दुसऱ्या महायुद्धानंतरही चालू राहिली. १९८६ मध्ये नॉटिंगहॅमच्या समाजसेविका मार्गरेट हंफ्रीज यांना तिकडच्या एका बाईचे पत्र आले: लहानपणी मला बोटीने पाठवलं, माझी माणसं शोधून द्या. शोध घेता घेता अशी हजारो माणसे पुढे आली. आईबाप वारले, असं यांतल्या पुष्कळांना खोटंच सांगितलं होतं. २००९ साली ऑस्ट्रेलियाच्या आणि २०१० साली ब्रिटनच्या पंतप्रधानांनी त्यांची जाहीर माफी मागितली.

स्टीफन्सनची संस्था २००८ पासून ‘ॲक्शन फॉर चिल्ड्रेन’ या नावाने चालते. मोठ्या बालगृहांचा काळ संपला. मुलाला दुसऱ्या कुटुंबात ठेवणं आणि त्याआधी, जमेल तर, त्याच्याच आईबापाला हात देणं, हे आता तिच्या कामात येतं.