पातं जागेवर, लाकूड चालतं: राउटर टेबलची गोष्ट

आधीच सांगतो, आजचा राउटर वायफायवाला नव्हे. लाकडात खाच पाडणारा, कडेला गोलाई देणारा, कानात किंचाळणारा तो राउटर. इतिहासाच्या पॉडकास्टवर हे काय मध्येच, असं वाटत असेल तर पाच मिनिटं थांबा.

मी इटियाडोहच्या बाजूला राहतो. गाढवी नदीवरचं मातीचं धरण, १९७० सालचं, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया. एका अंगाला धान, दुसऱ्या अंगाला जंगल. घराच्या ओसरीत मी छोटंसं सुतारकाम करतो आणि सध्या राउटर टेबल बनवतोय. कारण साधं आहे: घरातल्या जुन्या दाराच्या चौकटीवर जी गोलाई आहे, तशीच मला नव्या खिडकीला हवी आहे. जुनी गोलाई एका वाढयाने हाताने काढलेली. आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात.

तो वाढई काम कसा करायचा, ते बघा. जमिनीवर बसून. लाकूड पायाने दाबून धरायचं, दोन्ही हात रंध्याला मोकळे. विलायतेत सुतार उभ्याने, बाकाला शिकंजा लावून काम करायचे, त्यामुळे इकडे आलेल्या साहेबांना हे पायाने लाकूड धरणं फार नवलाचं वाटे. मला त्यात मागासपणा दिसत नाही. टेबल लागत नाही, शिकंजा लागत नाही, पिशवीत हत्यारं टाकली की दुसऱ्या गावात बंडीचं चाक नाही तर नांगर दुरुस्त करायला मोकळे. पण एक अडचण राहतेच. पट्टी बोटाएवढी बारीक असली की ती पायातही धरता येत नाही.

सुतारकामाच्या यंत्रांचा इतिहास मला याच एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो: लाकूड धरायचं कुणी आणि हलायचं कुणी?

राउटरची आजी म्हणजे खाचेचा तळ सारखा करणारा हातरंधा. मधोमध एकच पातं बाहेर आलेलं, म्हणून इंग्लंडातले सुतार त्याला 'म्हातारीचा दात' म्हणायचे. नाव झकास आहे, काम मात्र सावकाशीचं.

मग १७९३ साली सॅम्युअल बेंथम नावाच्या इंग्रजाने लाकूडकामाच्या यंत्रांचं एक लांबलचक पेटंट घेतलं. त्यात फिरत्या पात्यांची कल्पना होती. पुढे १८०० नंतरच्या काही वर्षांतच पोर्ट्समथच्या गोदीत मार्क ब्रुनेलने आखलेली आणि हेन्री मॉड्स्लेने घडवलेली यंत्रं बसली. जहाजाच्या दोरखंडांना लागणाऱ्या लाकडी कप्प्या तिथे बनायच्या, वर्षाला लाखाच्या वर. ११० कसबी माणसांचं काम दहा नवखे करू लागले. उरलेल्या शंभरांचं काय झालं, हे कौतुकाने सांगताना सहसा कुणी विचारत नाही.

याच काळात आपल्या मुंबईच्या गोदीत काय चाललं होतं? वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानी जहाजं उभी राहत होती, तीही हातकामावर. १८१७ मध्ये तिथे मलबारी सागाचं 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. हात आणि यंत्र एकाच आरमारासाठी राबत होते.

कारखान्यातलं यंत्र जड, पट्ट्यावर चालणारं. छोट्या सुताराच्या कामाचं नाही. विजेची मोटर लहान झाली तेव्हा गोष्ट उलटली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत सिरॅक्यूज गावच्या आर. एल. कार्टरने न्हाव्याच्या विजेवरच्या केस कापायच्या मशीनला पातं लावून हातात धरायचा राउटर बनवला. १९२९ मध्ये स्टॅन्ले कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला. यंत्र परत हातात आलं, लाकूड पुन्हा स्थिर झालं.

आणि मग कुणीतरी तो राउटर उलटा करून फळीच्या खाली स्क्रूने बसवला. पातं वर डोकावतं, लाकूड त्यावरून सरकतं. याचा एकच एक शोधकर्ता सांगता येत नाही, आणि मला ते आवडतं. कारखान्यात उभ्या दांड्याची अशी मोठी यंत्रं होतीच. छोट्या सुतारांनी त्यांची गरिबाघरची आवृत्ती बनवली. पायाने धरता न येणारी बोटाएवढी पट्टी आता मागच्या आडपट्टीला टेकवून नीट चालते.

आता आमच्या भागाचं. इथला साग देशभरच्या लाकूडबाजारात 'सीपी' नावाने विकला जातो. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, इंग्रजांचा जुना प्रांत. प्रांत गेला, नाव लाकडाला चिकटून राहिलं. पण जंगलाशेजारी राहतो म्हणून लाकूड फुकट, असा गैरसमज नको. १८७८ आणि मग १९२७ च्या वन कायद्याने जंगल आणि त्यातून निघणारं लाकूड सरकारी नियंत्रणात गेलं. १९६४ च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्यामुळे स्वतःच्या बांधावरचा सागही परवानगीशिवाय तोडता येत नाही. १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जंगलातल्या विनापरवाना आरागिरण्या, प्लायवूडच्या गिरण्यांसकट, बंद करायला सांगितलं. म्हणून मी डेपोचं पक्कं बिल घेतल्याशिवाय लाकूड घरात आणत नाही आणि लाकडाचं कुठलंही मशीन बसवायच्या आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या, असं सगळ्यांना सांगतो. जंगल वाचलं पाहिजे यात वाद नाही. पण नियमांचा पहिला धाक ओसरीत बसून काम करणाऱ्या वाढयालाच बसतो, हेही खरं.

टेबल मात्र सोपं आहे. १८ मिमी प्लायचे दोन थर चिकटवायचे, वर सनमायका, म्हणजे लाकूड घसरतं. मधे खाच करून ६ मिमी ॲल्युमिनियमची प्लेट, तिच्याखाली राउटर. मागे आडपट्टी म्हणून एक सरळ फळी, पात्यापुरती कापलेली, दोन क्लॅम्पने आवळलेली. फळी सरळ आहे का ते गुण्याने नव्हे, दोरी ताणून बघा.

लाकूड उजवीकडून डावीकडे ढकलायचं, पात्याच्या फिरण्याच्या विरुद्ध. उलट दिशेने सारलं तर पातं ते हातातून हिसकावून घेतं. पातं आणि आडपट्टी यांच्या मधून तर लाकूड कधीच घालू नका. ५० मिमीचं पातं मिनिटाला २४,००० फेऱ्यांनी फिरलं तर त्याच्या कडेचा वेग तासाला सव्वादोनशे किलोमीटरच्या वर जातो. मोठ्या पात्याला वेग कमी ठेवायचा तो यासाठी. बोटाऐवजी ढकलायला लाकडी ठोकळा वापरा, डोळ्यांवर चष्मा, कानात बोळे. हेडफोनवर आमचा पॉडकास्ट तेव्हा नको!

सगळ्यात महत्त्वाचा स्विच. आपल्याकडे लाइट जाते. राउटरचं बटण चालूच राहिलं, तुम्ही पातं बदलायला हात घातला आणि लाइट आली तर? धानाला पाणी देणाऱ्या प्रत्येकाला याचं उत्तर माहीत आहे. मोटरपंपाचा स्टार्टर वीज गेली की सुटतो आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय पंप सुरू होत नाही. पंपाला आपण त्यावर ऑटो स्विच लावून मोकळे होतो, कारण रात्री उठून कोण जाणार. राउटर टेबलला तसला ऑटो नको. असाच वीज गेली की सुटणारा छोटा स्विच इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. तो टेबलच्या पुढच्या बाजूला, गुडघ्याने बंद करता येईल असा बसवायचा. आणि पातं बदलताना तरीही प्लग काढूनच.