मोत्याचे चुकलेले नाव

काही नावे चुकून पडतात आणि एकदा रूढ झाली की पुसत नाहीत. कानाच्या पडद्याआड वाढणाऱ्या एका गाठीचे असेच झाले. १८२९ साली फ्रेंच वैद्य क्रुवेल्हिए यांनी तिला ‘मोत्यासारखी गाठ’ म्हटले, तेच खरे म्हणजे यथार्थ होते. पण १८३८ मध्ये बर्लिनच्या योहानेस म्युलर यांनी तिच्यात चरबी असते असे समजून ‘कोलेस्टिएटोमा’ हे भारदस्त नाव दिले. वास्तविक ती असते भलत्या जागी रुजलेली कातडी! कातडीचा कोंडा साचत जातो, पिशवी फुगते आणि ऐकण्याची इवलीशी हाडे कुरतडली जातात.

१८५५ साली फोन ट्रोल्च यांनी मध्ये छिद्र असलेला आरसा वापरून कानात उजेड पाडला. १८७३ मध्ये श्वार्ट्झ यांनी कानामागचे हाड कोरून पू काढण्याची पद्धतशीर शस्त्रक्रिया मांडली. (ऑस्कर वाइल्ड १९०० साली मेंदूच्या आवरणाच्या दाहाने गेला, मूळ कानात होते, असे बरेच अभ्यासक मानतात. वडील मात्र डब्लिनचे नामांकित कर्णवैद्य!) जीव वाचला हेच तेव्हा पुष्कळ, ऐकू येणे गेले तरी कोणी तक्रार करीत नसे. १९५० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाचा वापर रूढ झाला आणि वुलस्टाइन व झोलनर या जर्मन शल्यविशारदांनी पडदा नि हाडांची साखळी पुन्हा जुळवण्याची वाट दाखवली.

लहान मुलांतला एक प्रकार फार लबाड. गाठ जन्मापासूनच असते. कान वाहत नाही, दुखत नाही, पडदा शाबूत, आड फक्त पांढरा ठिपका. त्याच्या निदानाचे निकष डेरलॅकी व क्लेमिस यांनी १९६५ मध्ये मांडले. औषधाने ही गाठ विरत नाही, काढावीच लागते. मुलांत ती पुन्हा उगवण्याचा संभव अधिक, म्हणून काही महिन्यांनी कान परत उघडून किंवा एमआरआय करून खात्री करतात.

आता आपल्या सीमाभागातले पाहा. मूल कानडीच्या तासाला गोंधळले की आपण म्हणतो, भाषा परकी. पण गणिताच्या तासालाही ते ‘काय सर?’ असे पुन्हा विचारत असेल, तर दोष भाषेचा कसा? आणि कान फुटला की घरोघरी लसूण घालून कढवलेले तेल! घाण वासाचा पू महिनोन् महिने येत राहतो, ‘मोठेपणी थांबेल’ म्हणून सोडून दिला जातो. असा कान कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवून श्रवणचाचणी करावी. तेलाची बाटली स्वयंपाकघरातच राहू द्यावी.