सप्ताहांक-पुनरावर्तन

जीपीएस उपग्रहांच्या संदेशातील आठवड्यांची मोजणी ठरावीक मर्यादेनंतर पुन्हा शून्यापासून सुरू होते, यास सप्ताहांक-पुनरावर्तन म्हणतात. या उपग्रहांच्या आधारे चालणाऱ्या घड्याळांत त्यामुळे वेळ अचूक पण तारीख चुकीची, असा दोष उद्‌भवू शकतो.

अशा घड्याळात क्वॉर्ट्‌झ किंवा रुबिडियम आंदोलक असतो. उपग्रह-संदेश घेणाऱ्या ग्राहीकडून दर सेकंदास मिळणाऱ्या स्पंदाशी ताडून त्याची कंप्रता सतत दुरुस्त केली जाते. स्पंदात तारीख नसते. ती संदेशातील सप्ताहांक व आठवड्याचे उलटलेले सेकंद यांवरून काढावी लागते. मूळ संदेशात सप्ताहांकासाठी दहाच द्विमान अंक असल्याने ० ते १०२३ एवढेच क्रमांक मिळतात. एक आवर्तन ७,१६८ दिवसांचे, म्हणजे सु. १९ वर्षे ७ १/२ महिन्यांचे होते.

ही मोजणी ६ जानेवारी १९८० रोजी सुरू झाली. पहिले पुनरावर्तन २२ ऑगस्ट १९९९ रोजी झाले. दुसरे ७ एप्रिल २०१९ रोजी, भारतीय प्रमाण वेळेप्रमाणे पहाटे ५ वा. २९ मि. ४२ सेकंदांनी झाले. त्या वेळी न्यूयॉर्क शहराच्या प्रशासनाचे बिनतारी जाळे बंद पडले. तिसरे २१ नोव्हेंबर २०३८ रोजी होईल. भारताच्या नॅव्हिक प्रणालीची मोजणी २२ ऑगस्ट १९९९ पासून असून तिचा सप्ताहांकही दहा अंकी आहे. त्यामुळे तिचे पहिले पुनरावर्तनही २०१९ मध्ये त्याच दिवशी आले.

महाराष्ट्राच्या इतिहास-संशोधकांस ही अडचण परिचित आहे. शिवराज्याभिषेक शके १५९६, आनंद संवत्सरी झाला. साठ वर्षांनंतरचे शके १६५६ हेही आनंद संवत्सरच होते. जुन्या पत्रात शक न देता केवळ संवत्सर दिले असल्यास कोणते चक्र घ्यावयाचे, हे इतर पुराव्यांवरून ठरवावे लागते. सप्ताहांकाचेही तसेच असून चक्राचा निर्णय ग्राहीवर सोपविलेला असतो.

त्यासाठी ग्राहीत एक आधार-सप्ताह नोंदलेला असतो व आलेला क्रमांक त्यापुढील १,०२४ आठवड्यांतील मानला जातो. ही मुदत संपली की तारीख मागे जाते. म्हणून निरनिराळ्या ग्राहींतील दोष निरनिराळ्या दिवशी प्रकटतो. ट्रिंबल थंडरबोल्ट हे घड्याळ ३० जुलै २०१७ रोजी १४ डिसेंबर १९९७ ही तारीख दाखवू लागले. त्याचे सेकंद-स्पंद मात्र निर्दोष राहिले. ७,१६८ ला ७ ने निःशेष भाग जात असल्याने वारही बरोबर येतो. त्यामुळे केवळ वेळ व वार पडताळून दोष उघड होत नाही.

ग्राहीची आज्ञावली बदलता येत नसेल, तर जोडलेल्या संगणकात ७,१६८ दिवस मिळविणे हा सोपा उपाय होय. मात्र अशी भर आंधळेपणाने घालू नये. जीपीएसडी या आज्ञावलीच्या काही आवृत्त्यांत तारखेची शहानिशा करणारा भागच सदोष होता; त्यामुळे २४ ऑक्टोबर २०२१ रोजी त्या मार्च २००२ मध्ये गेल्या. म्हणून भर घालण्यापूर्वी तारीख दुसऱ्या स्वतंत्र साधनाशी ताडून घ्यावी. नव्या नागरी संदेशात सप्ताहांकास तेरा द्विमान अंक दिले असून त्याचे आवर्तन सु. १५७ वर्षांचे आहे.

खोडद (जि. पुणे) येथील रेडिओ दुर्बिणीतून होणाऱ्या पल्सार-निरीक्षणांसारख्या कामात अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र जुळवाव्या लागतात. तेथे सेकंदाचा सूक्ष्म अंश व वर्ष या दोहोंची सारखीच गरज असते. म्हणून दुरुस्त तारखेबरोबर ग्राहीने दिलेला मूळ सप्ताहांकही जतन करणे इष्ट ठरते. दुरुस्ती चुकली, तरी त्यावरून खरी तारीख पुन्हा काढता येते.