घाट चढला, घाट घातला

आजचा विषय एकच शब्द. घाट.

मी लोधिवलीचा. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचं गाव, त्यामुळे आमच्याकडे नुसतं 'घाट' म्हटलं की बोरघाट. दुसरा कुठला असेल तर त्याचं नाव घ्यावं लागतं.

आता बघा, खोपोलीहून चढतो तो घाट. काशीत पायऱ्या उतरून गंगेत जातो, तोही घाट. तांब्याचा घाट म्हणजे त्याचा आकार. आणि लग्नाचा घाट घातला म्हणजे मोठी खटपट मांडली. समीक्षकांनी यातला तांब्याचा अर्थ उचलला आणि 'कादंबरीचा घाट' म्हणायला लागले. इंग्रजीतल्या 'फॉर्म'ला याहून देखणा शब्द मला तरी सापडलेला नाही.

पहिले दोन घाट एकाच माणसाच्या वाटेवर येतात. 'माझा प्रवास'वाले विष्णुभट गोडसे. पेणजवळच्या वरसईचे, म्हणजे आमचे शेजारीच म्हणा ना. १८५७ साली दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडात सापडले. कोकणातल्या माणसाला बाहेर पडायचं तर आधी सह्याद्री चढावाच लागतो. परतताना आईवडिलांना स्नान घालायला त्यांनी गंगेच्या पाण्याची कावड आणली. नदीच्या घाटावरचं पाणी खांद्यावरून डोंगरातला घाट उतरलं! पुस्तक मात्र छापून आलं १९०७ साली.

बोरघाटात गाडीरस्ता १८३० साली सुरू झाला, रेल्वे १८६३ साली. ती बांधताना हजारो मजूर कॉलऱ्याने, अपघाताने गेले. मग त्याच वाटेने देशावरची माणसं मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत कामाला उतरली. आणि इथे शब्द बिघडला. 'घाटी' म्हणजे घाटावरचा, एवढाच सरळ अर्थ. मुंबईने त्याची शिवी केली.

माझ्या एका जुन्या ऑफिसात कसातरी जोडलेल्या कोडला सर्रास 'घाटी कोड' म्हणायचे. 'अरे, मी तर घाटाखालचा!' असं म्हणून मी सुटू शकतो. भूगोल माझ्या बाजूने आहे. पण तसं म्हटलं की घाटावरच्याला ती शिवी लागू आहे, हे मीच मान्य केलं ना? त्यापेक्षा मी विचारतो, 'घाटी म्हणजे नक्की काय रे?' बहुतेकांना सांगता येत नाही.

तुमच्या गावात 'घाट' अजून कशाला म्हणतात? व्हॉइस नोट पाठवा.