वैमानिकाची नोंदवही आणि नोकरीचे भवितव्य

पुणे - बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय, वैद्यकीय तपासणीत पात्रता आणि प्रशिक्षणाचा खर्च पेलण्याची ऐपत असेल, तर व्यावसायिक वैमानिक होण्याचा मार्ग कोणालाही खुला आहे. पुण्यातील अनेक मध्यमवर्गीय कुटुंबे त्यासाठी चाळीस-पन्नास लाख रुपयांची जुळवाजुळव करतात, प्रसंगी घर गहाण ठेवतात. परवाना हाती पडला की नोकरी नक्की, असा त्यांचा समज असतो. प्रत्यक्षात विमान कंपन्या परवान्यासोबत तो मिळेपर्यंतच्या नोंदीही पाहतात. पहिल्या उड्डाणापासून सुरू झालेले हे दप्तर वैमानिकाला निवृत्तीपर्यंत सोडत नाही.

तासांचा हिशेब

या दप्तरातील पहिला दस्तऐवज म्हणजे वैमानिकाची वैयक्तिक नोंदवही, अर्थात लॉगबुक. प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाचा प्रकार व नोंदणी क्रमांक, मार्ग, वेळ आणि त्या उड्डाणातील स्वतःची भूमिका तीत शाईने नोंदवावी लागते. ती शेवटच्या नोंदीनंतर किमान पाच वर्षे जपून ठेवणे बंधनकारक आहे. व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, भारतात किमान २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. त्यापैकी १०० तास विमानाची सूत्रे स्वतःच्या हाती असावी लागतात. ३०० सागरी मैलांचा लांब पल्ल्याचा प्रवास, रात्रीचे उड्डाण आणि केवळ उपकरणांच्या आधारे केलेले उड्डाण यांचे तास स्वतंत्रपणे दाखवावे लागतात.

नोंदवही वैमानिक स्वतः लिहितो, त्यामुळे तीत तास वाढवून लिहिण्याचा मोह जुनाच आहे. वैमानिकांच्या बोलीत अशा तासांना ‘पार्कर ५१’चे तास म्हणतात. हे विमान कोणत्याही धावपट्टीवरून उडत नाही, कारण पार्कर ५१ हे एका प्रसिद्ध फाउंटन पेनचे नाव आहे! तथापि ही लबाडी वाटते तितकी सुरक्षित नसते. विमानाच्या स्वतःच्या तांत्रिक नोंदी, प्रशिक्षण संस्थेचे उड्डाण परवानगीचे रजिस्टर, इंधनाचा हिशेब आणि हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाकडील उड्डाण-अवतरणाच्या वेळा अशा निरनिराळ्या कागदांवर एकाच उड्डाणाच्या खुणा उमटतात. विमान हँगरमध्ये दुरुस्तीसाठी उभे असताना ते आकाशात असल्याची नोंद एखाद्या विद्यार्थ्याने केली असेल, तर ते आज ना उद्या उघडकीस येऊ शकते.

२०११ मध्ये तसेच घडले, आणि त्याची सुरुवात गोव्यात झाली. त्या वर्षी जानेवारीत दाबोळी विमानतळावर उतरताना एका खासगी कंपनीचे प्रवासी विमान मागील चाकांऐवजी पुढील चाकावर टेकले. प्रवासी बचावले, मात्र चौकशी विमान चालविणाऱ्या कमांडरच्या परवान्यापर्यंत पोहोचली. वरिष्ठ परवान्यासाठी सादर केलेली परीक्षेची गुणपत्रिका बनावट असल्याचे निष्पन्न झाले आणि मार्चमध्ये अटक झाली. त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, हजारो परवान्यांच्या कागदपत्रांची छाननी हाती घेतली. आणखी काही वैमानिक त्यात सापडले. त्याच सुमारास राजस्थानात न झालेल्या उड्डाणांचे तास नोंदवून दिल्याचे प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. ज्यांचे कागद स्वच्छ होते, अशा शेकडो तरुणांनाही त्या काळात संशयाच्या नजरेला तोंड द्यावे लागले, ही या प्रकरणाची फारशी न बोलली गेलेली बाजू.

अपयशाची नोंद

दुसरा दस्तऐवज विद्यार्थ्याच्या हाती नसतो. प्रशिक्षण संस्था प्रत्येक विद्यार्थ्याची प्रगती-फाइल ठेवते. प्रत्येक धड्यानंतर प्रशिक्षकाचा शेरा, प्रगती चाचण्यांचा निकाल, एकट्याने उड्डाण करण्यास किती तासांनंतर मुभा मिळाली, कोणता धडा पुन्हा घ्यावा लागला, हे सारे त्यात असते. हवाई दिशादर्शन, हवामानशास्त्र, हवाई नियम आदी विषयांच्या लेखी परीक्षा डीजीसीए घेते. उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक विषयात ७० टक्के गुण लागतात. उमेदवाराला एक संगणक क्रमांक दिला जातो व त्याच्या परीक्षांचे निकाल त्या क्रमांकाशी जोडलेले राहतात.

एखादी चाचणी नापास झाली म्हणजे कारकीर्द संपली, अशी भीती विद्यार्थ्यांत फार आहे. ती अनाठायी म्हणावी लागेल. प्रशिक्षणात अडखळणे स्वाभाविक आहे. एका चाचणीतील अपयश, त्यानंतरचे जादा प्रशिक्षण आणि पुढील स्वच्छ निकाल असा क्रम दिसला, तर निवड समितीला त्यातून सुधारणाच दिसते. एकच चूक वेगवेगळ्या टप्प्यांवर पुन्हा पुन्हा नोंदली गेलेली असणे ही खरी चिंतेची बाब ठरते. मुलाखतीत विचारले असता दडवलेले आणि नंतर कागदावर सापडलेले अपयश त्याहूनही महागात पडते, कारण तेथे प्रश्न कौशल्यापुरता राहत नाही.

नोंदींचे मोल संस्थेच्या लौकिकावरही ठरते. लोहगाव हा हवाई दलाचा तळ असल्याने आणि हडपसरच्या केंद्रात ग्लायडिंग शिकवले जात असल्याने पुण्याच्या विद्यार्थ्याला विमान प्रशिक्षणासाठी शहराबाहेरच जावे लागते. बारामती, गोंदियाजवळील बिरसी, धुळे ही राज्यातील प्रमुख ठिकाणे. धुळ्यात प्रशिक्षण देणारा बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ मधला, जे. आर. डी. टाटा याच क्लबात उड्डाण शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिला गेलेला पहिला परवाना मिळाला.

बारामतीत ऑक्टोबर २०२३ मध्ये एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमाने काही दिवसांच्या अंतराने कोसळली आणि डीजीसीएने त्या संस्थेचे प्रशिक्षण थांबवले. अशा वेळी विद्यार्थ्याचा दोष नसतानाही त्याच्या नोंदवहीत खंड पडतो. परवान्याच्या अर्जापूर्वीच्या ठरावीक काळात काही उड्डाणे झालेली असावी लागतात. खंड लांबला तर ती पुन्हा करावी लागतात आणि खर्च वाढतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये डीजीसीएने प्रशिक्षण संस्थांची पहिली श्रेणीनिहाय यादी जाहीर केली. तिच्यातील सर्वोच्च दोन श्रेणींत देशातील एकही संस्था नव्हती. प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी माहितीपुस्तिकेतील चकचकीत छायाचित्रांऐवजी ही यादी आणि संस्थेकडील उड्डाणयोग्य विमानांची संख्या पाहणे अधिक हिताचे.

अमेरिका, न्यूझीलंड वा दक्षिण आफ्रिकेत शिकून आलेल्यांपुढे वेगळी अडचण असते. परदेशी परवान्याचे भारतीय परवान्यात रूपांतर करताना तो देणाऱ्या देशाच्या प्राधिकरणाकडून पडताळणी होते. परदेशातील संस्था बंद पडलेली असेल, तर जुने कागद मिळवताना उमेदवाराचे महिनोन् महिने जातात.

नोकरी बदलताना

विमान कंपनीत रुजू झाल्यावर नोंदी थांबत नाहीत, उलट वाढतात. वर्षातून दोनदा सिम्युलेटरवर प्रावीण्य चाचणी होते. ती नापास झाल्यास सुधारात्मक प्रशिक्षण व पुन्हा चाचणी पूर्ण होईपर्यंत वैमानिकाला उड्डाणापासून दूर ठेवले जाते. सहवैमानिकाला कमांडर व्हायचे असेल, तर किमान १५०० तास आणि वरिष्ठ परवाना, म्हणजे एटीपीएल, लागतो. पण तेवढ्याने डाव्या आसनावर बसता येत नाही. आजवरच्या परीक्षकांचे शेरे या टप्प्यावर पुन्हा वाचले जातात. समान तास असलेल्या दोघांपैकी एकाला बढती लवकर का मिळाली, याचे उत्तर बहुधा या शेऱ्यांत असते. उड्डाणापूर्वीच्या मद्यचाचणीत प्रथमच दोषी आढळल्यास परवाना तीन महिने, दुसऱ्यांदा तीन वर्षे निलंबित होतो आणि तिसऱ्यांदा रद्द होतो. पहिल्या निलंबनाचा काळ संपतो, नोंद मात्र राहते.

नोकरी सोडणाऱ्या वैमानिकाला जुन्या कंपनीचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक असते. २००५ मध्ये सहा महिन्यांच्या पूर्वसूचनेचा नियम आला. २०१७ मध्ये कमांडरसाठी ही मुदत एक वर्ष करण्यात आली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. हे प्रमाणपत्र वैमानिक मोकळा आहे का, एवढेच प्रामुख्याने सांगते; तो सिम्युलेटरवर कसा होता, हे त्यावरून कळत नाही.

हीच फट अमेरिकेला महागात पडली. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ एक छोटे प्रवासी विमान कोसळून ५० जण मृत्युमुखी पडले. कमांडर पूर्वी अनेक चाचण्यांत नापास झाला होता आणि त्यांपैकी काहींची त्याच्या कंपनीला माहिती नव्हती. २०१० मध्ये तेथे सर्व वैमानिकांच्या नोंदींचे मध्यवर्ती भांडार उभारण्याचा कायदा झाला. नियम प्रत्यक्षात येण्यास २०२१ उजाडले. दरम्यान, २३ फेब्रुवारी २०१९ रोजी टेक्सासमध्ये एक मालवाहू विमान कोसळून तिघे ठार झाले. त्याच्या सहवैमानिकानेही आधीच्या नोकऱ्यांतील प्रशिक्षणातील अपयश दडवले होते. आता तेथे नवा नियोक्ता वैमानिकाच्या संमतीने त्याच्या जुन्या नोंदी पाहिल्याखेरीज त्याला उड्डाणावर पाठवू शकत नाही. वैमानिकालाही त्या पाहता येतात आणि चुकीच्या नोंदीवर हरकत घेता येते. हा दुसरा हक्क पहिल्याइतकाच मोलाचा आहे, कारण एखाद्या परीक्षकाचा आकसाने लिहिलेला शेराही वर्षानुवर्षे सोबत राहू शकतो.

भारतात डीजीसीएची परवानाविषयक कामे आता ‘ईजीसीए’ या संगणकीय प्रणालीवर होतात. २० फेब्रुवारी २०२५ पासून वैमानिकांना इलेक्ट्रॉनिक परवाना मिळू लागला. त्यामुळे बनावट परवान्याला आळा बसेल. प्रगती-फाइल मात्र अजूनही संस्थेच्याच कपाटात असते. म्हणून प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडतानाच त्या फाइलची प्रमाणित प्रत मागून घ्यावी, प्रशिक्षकाची सही राहिलेल्या नोंदी त्याच दिवशी पूर्ण करून घ्याव्यात आणि लॉगबुकच्या प्रत्येक पानाची छायाप्रत घरी वेगळी ठेवावी.